जित्या माणसाचा टाक

१९३१ सालचा माघ महिना, रविवार. सकाळच्या धारा काढून झाल्या होत्या आणि मी देव घासायला बसले होते. चिंचेचा कोळ, राख आणि जुन्या लुगड्याचा बोळा. पितळेचे देव आधी, चांदीचे टाक मागून. आमच्या देवघरात पाच टाक होते. चार पिढ्यानपिढ्यांचे, इतके झिजलेले की खंडोबा कोणता आणि म्हसोबा कोणता हे अंदाजाने ओळखायचं. पाचवा नवा होता, पंधरा वर्षांचा. घोड्यावर बसलेला पुरुष, हातात तलवार. तो माझा नवरा.

नवरा त्या वेळी गोठ्यात बैलांना उसाचं वाढं टाकत होता.

आमच्याकडे लढाईत पडलेल्या माणसाचा टाक करून देवांत बसवतात. घरचा वीर म्हणतात त्याला. सोनार सगळ्यांना घोड्यावरच बसवतो. आमच्या मालकांनी जन्मात कधी घोड्यावर बूड टेकलेलं नव्हतं. ते पायदळातले साधे शिपाई. गावातले लोक त्यांना सुभेदार म्हणायचे ते त्यांच्या पदकामुळे आणि थोडं चेष्टेनेही. सकाळी आंघोळ करून ते देवाला हात जोडायचे तेव्हा भावकीतलं कुणी ना कुणी ओसरीवरून म्हणायचंच, "सुभेदार, सोताच्याच पाया पडताय व्हय? आशीर्वाद तरी द्या." ते हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत.

त्या दिवशी दुपारी वरकुट्याचे पाहुणे येणार होते. माझ्या थोरल्या जावेची मुलगी सोळाव्या वर्षात होती. स्थळ चांगलं होतं. कोरडवाहू रान असलं तरी विहिरीवर भाजीपाला काढणारी कष्टाळू माणसं, मुलगा निर्व्यसनी. सगळं जुळलं होतं, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. सुपारी अडली होती एका गोष्टीवर. मुलीचा बाप जिवंत आहे की नाही, हे आमच्या घरातलं कुणी नीट सांगत नव्हतं. माझी जाऊ रुपयाएवढं कुंकू लावायची, आणि तिचा नवरा सोळा वर्षं गावात कुणी पाहिलेला नव्हता.

हे असं का झालं ते सांगितलं पाहिजे.

१९१५ साली बारामतीच्या बाजारात पलटणीची भरती बसली होती. माझे थोरले दीर गेले. त्यांची छाती-उंची मोजली, नाव लिहून चिठ्ठी दिली आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. त्या आठ दिवसांत त्यांना हिवतापाने धरलं. चिठ्ठी वाया जाणार म्हणून मामंजींचा जीव वरखाली व्हायला लागला. शेवटी ते म्हणाले, चिठ्ठी घराची आहे, धाकट्याने जावं. आमचे मालक भावाची चिठ्ठी घेऊन गेले आणि भावाच्या नावाने भरती झाले. दोन महिन्यांनी थोरले बरे होऊन गेले, तोवर त्यांचं नाव सरकारी कागदावर चढलेलं होतं. ते धाकट्याच्या नावाने भरती झाले. एकाची पेरायची पाभर दुसऱ्याने न्यावी तशी दोघा भावांनी नावं नेली. घर एक, बाप एक. यात काही वावगं आहे असं तिघांपैकी कुणाला वाटलं नाही. आम्हा जावांना हे सांगावं असंही वाटलं नाही.

माझे वडील इंदापूरला शाळामास्तर होते, त्यामुळे मला वाचता येत होतं. पलटणीतून पत्रं यायची ती मीच वाचायची. पत्रं लिहिणारा पलटणीतला कारकून. सगळी एका साच्याची. खुशाल आहे, पाऊस कसा आहे, बैल कसे आहेत, वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार. खाली नाव. थोरल्यांचं नाव असलं की जाऊ पदर सावरून जवळ बसायची, आमच्या मालकांचं असलं की मी जरा सावकाश वाचायची. आम्ही दोघी एकमेकींच्या नवऱ्यांची पत्रं आपली समजून ऐकत होतो. मामंजी खांबाला टेकून बसायचे आणि त्यांना सगळं ठाऊक होतं.

१९१६ च्या उन्हाळ्यात कचेरीतून पाटलाकडे कागद आला. इंग्रजीत होता. कचेरीतल्या माणसाने अर्थ सांगून पाठवला होता तो पाटलाने आमच्या ओसरीवर येऊन सांगितला. बसऱ्याकडच्या लढाईत धाकटा गेला.

धाकट्याच्या नावाने जो गेला तो थोरला होता, हे त्या ओसरीवर एकट्या मामंजींना कळत होतं. ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी माझं कुंकू पुसू दिलं. दहावं-तेरावं केलं. वर्षाच्या आत बारामतीच्या सोनाराकडून टाक करवून घेतला, जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणला आणि देवघरात बसवला. त्यांनी असं का केलं असेल यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नावांची अदलाबदल बाहेर पडली असती तर जो जिवंत होता तो तुरुंगात गेला असता, ही भीती असणार. दुसरंही असेल. जावेच्या पदरात वर्षाची पोर होती आणि मला मूल नव्हतं. दोघींपैकी एक विधवा व्हायचीच होती. जिला बापाच्या घरी परत धाडता येईल ती त्यांनी निवडली. मी गेले नाही, कारण इंदापूरला तरी माझ्यासाठी काय ठेवलं होतं.

पुढची तीन वर्षं मी थोरल्यांच्या नावाची पत्रं जावेला वाचून दाखवली. त्यांना शौर्याचं पदक मिळालं, तेही मीच वाचलं. जावेने गूळ वाटला. मलाही दिला.

१९१८ च्या मानमोडीच्या तापात मामंजी तीन दिवसांत गेले. बरोबर सगळं घेऊन गेले.

मग १९१९ साली पत्र आलं की थोरले येतात. बारामतीला छोट्या आगगाडीवर लेझीम घेऊन माणसं गेली. जाऊ दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी, पोर मांडीला बिलगलेली. मला माजघरात बसवलेलं होतं, शुभ कामात विधवेचं तोंड पुढे नको म्हणून. लेझीम जवळ आली आणि दारापाशी थांबली. बराच वेळ काही ऐकू येईना म्हणून मी उठून बघितलं. एका पायाने लंगडत माझा नवरा दारात उभा होता, छातीवर पदक. जावेच्या हातातलं ताट तसंच होतं.

ती म्हणाली, "भावजी, तुमी? मग हे कुठं हैत?"

त्यांनी सगळ्यांसमोर नावांची गोष्ट सांगितली. चिठ्ठी, हिवताप, अदलाबदल. माणसांनी ऐकून घेतली. जो येणार म्हणून ताट धरलं होतं तो मेलेला निघणार हे आता म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात यायला लागलं होतं, तेवढ्यात ते म्हणाले, "पर दादा गेला न्हाय. कागद चुकलाय. तुर्कांनी लई मानसं धरून नेली, त्यात नेलाय. सुटंल तवा यील."

जावेने ताट खाली ठेवलं. मग आत आली, कोनाड्यातला करंडा घेतला आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मेलेल्याच्या बायकोला परत सवाष्ण कशी करायची याचा विधी गावात कुणालाच माहीत नव्हता. तिने लावलं, तेवढ्यावर भागलं.

टाकाचं काय करायचं यावर भावकी दोन दिवस बसली. देवाला भेटवून आणलेला टाक मोडता येत नाही, वितळवता येत नाही, पाण्यात सोडावा तर कुळाचा कोप. शेवटी मालकच म्हणाले, असू दे. मग असला. जावेने त्याला कधी हात लावला नाही. म्हणायची, "तो तुझ्या मालकाचा. तूच घास." सरकारी कागदावर थोरले जिवंत होते, पायाच्या जखमेची पेन्शन त्यांच्या नावाने यायची, पदकाच्या कडेवर त्यांचंच नाव कोरलेलं होतं. त्याच कागदावर मी १९१६ पासून विधवा आहे. अजूनही आहे.

जाऊ बारा वर्षं वाट बघत राहिली. मी बारा वर्षं काही विचारलं नाही. अंदाज मला दुसऱ्या वर्षीच आला. पितृपंधरवड्यात मामंजींचं पान वाढलं की आमचे मालक दुसरं एक पान वाढून घ्यायचे आणि मळ्याच्या बांधावर ठेवून यायचे. ते कुणाचं, असं जावेने विचारलं तेव्हा म्हणाले, पलटणीतल्या लोकांचं. मी जावेकडे बघितलं नाही. आणखी एक होतं. आमच्या पिंपळी गावचं रान कालव्याखालचं. उसाला पाणी धरायचं म्हणजे पोटरीभर चिखलात उभं राहायचं. ते नांगर धरायचे, गुऱ्हाळावर चुलवणाच्या आगीपुढे दिवसभर उभे राहायचे, पण भिजलेल्या रानात पाय घालायचे नाहीत. पाण्याची पाळी आली की खोरं मी घ्यायची. बाईमाणूस पाणी धरतं म्हणून लोक हसायचे. हसू देत. ऊस वाळवून चालत नाही.

त्या रविवारी मी देव घासून, पुसून जागेवर ठेवले आणि गोठ्यात गेले.

मी म्हणाले, "आज पावणं इचारतील."

"काय?"

"आक्कांच्या कपाळाचं."

"बारा वर्सं सांगतोय तेच सांगीन."

"नुसतं सांगून भागायचं न्हाय. भंडारा उचला म्हनतील."

त्यांचा बैलाच्या पाठीवरचा हात थांबला. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही. कोर्टात गीतेवर बोलतात.

"तुझं काय म्हननं हाय?"

"उचला. एकदाच उचला अन् मोकळं व्हा. पोर चांगल्या घरात पडंल. आक्का मांडवात आई म्हनून उभ्या ऱ्हातील, पोरीला पहिली हळद त्यांच्या हातची लागंल. त्यांना दुसरं काय हाय?"

"तुला काय ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

"मला काय बी ठावं न्हाय," मी म्हणाले. "अन् सांगू बी नका."

हे मी म्हणाले ते जसंच्या तसं लिहिलं आहे. मला ते पाप वाटत नव्हतं. एका खोट्या शब्दाने दोन बायकांचं भलं होणार होतं, आणि तो शब्द ते तसाही बारा वर्षं बोलत होते.

दुपारी पाहुणे आले. मुलाचा बाप आणि त्यांच्या भावकीतले दोघे. मुलाचा बाप उंच, उन्हाने काळा पडलेला, बोलायला मोकळा माणूस. गूळपाणी घेतल्यावर म्हणाला, "सुभेदार, तुमच्या हितं निस्ता कालवा सोडला की ऊस वर येतो. आमच्याकडं मानसाच्या घामाबिगर हिरीला पानी लागत न्हाय. तुमची पोर आमच्याकडं येऊन वाळायची न्हाय न्हवं?"

मालक म्हणाले, "पोर कामाची हाय. पानी वढंल."

"मग बैल इकून टाकतो," तो म्हणाला, आणि सगळे हसले. आत जाऊ भाकरीचं पीठ मळत होती, तीही हसली. मुलगी चुलीपुढे मान खाली घालून बसलेली होती.

त्याने पदक बघायला मागितलं. मी पेटीतून काढून दिलं. त्याने ते उलटंसुलटं केलं, नखाने कडेवरची अक्षरं खरवडून बघितली. "राजाचं डोकं लई गुळगुळीत झालंय. रोज घासताय काय?" मग पदक खाली ठेवलं आणि आवाज बदलला. "सुभेदार, माझं मन सोच्छ हाय. पोर पसंत हाय. पर आमच्या घरात बायका इचारत्यात. पोरीचा बाप हाय का न्हाय? हाय तर आई हळद लावंल, आमी तिच्या पाया पडू. न्हाय तर न्हाय, त्याला बी आमची ना न्हाय, मग तुमच्या बायकूनं उभं ऱ्हावं. पर न्हाय त्याला हाय म्हनून आमच्या पोराच्या अंगाला हळद लागली, अन् उद्या काय बरंवाईट झालं, तर आमी कुनाला इचारायचं?"

मालक म्हणाले, "भाऊ परमुलखात हाय."

"तुमी सोता बघितलं त्याला नेताना?"

मालकांनी सुपारीचं तबक त्याच्यापुढे सरकवलं.

"मी काय कोर्ट न्हाय," तो म्हणाला. "देवापुढचा भंडारा उचला अन् म्हना, माझा भाऊ जिता हाय असं मी मानतो. एवढंच. तुमच्या शब्दावर आत्ता सुपारी फोडतो."

मी भंडाऱ्याची वाटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. मीच आणली. जाऊ स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच.

त्यांनी चिमूटभर भंडारा उजव्या तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. बाहेर कोंबड्या पायाने उकिरडा विसकटत होत्या. मग ते बोलायला लागले. पाहुण्यांकडे बघून नाही, जावेकडेही नाही. मुठीकडे बघून.

"नदी डाव्या हाताला व्हती. रान सपाट. झाड न्हाय, बांध न्हाय, लपायला ढेकूळ न्हाय. चार दिस पाऊस पडत व्हता. चिखल गुडघ्यापत्तर. सकाळच्याला म्होरं जायाचा हुकूम झाला. तासाभरात निम्मी मानसं आडवी झाली. आमचा साहेब पडला, लांब. मागनं हवालदार वरडत व्हता, साहेबाला आना. मी निघालो. वाटंत दादा पडला व्हता. साहेबाच्या अलीकडं. पोटात लागलं व्हतं. दादानं माझा पाय धरला. मी सोडवून घेतला अन् म्होरं गेलो."

मूठ मिटलेलीच ठेवून ते पुढे म्हणाले,

"साहेबाला पाठीवर घिऊन आलो. येताना पायात गोळी शिरली. डाक्टरनं बांधून टाकलं, उठू दीना. सांजच्याला रांगत गेलो तवर दादा गार झाला व्हता. संगिनीनं चिखल वढून झाकला. साहेब जगला. त्यानंच माझं नाव वर धाडलं. माझं म्हंजी दादाचं." त्यांनी मूठ उघडली. भंडारा घामाने ओला होऊन तळहाताला चिकटला होता. "दादा न्हाय. हे पदक त्याला वलांडून गेलो त्याचं हाय."

जाऊ चौकटीतून हलली नाही. तिने विचारलं, "पानी मागितलं व्हतं का त्यांनी?"

"व्हय."

"दिलं?"

"न्हाय. साहेबाला लागंल म्हनून ठिवलं."

तिने मान हलवली, बाजारात कुणी भाव सांगितल्यावर हलवतात तशी. "बारा वर्सं मी तुमच्या पानात तूप वाढलं, भावजी," ती म्हणाली. "पंगतीत पयल्यांदा तुमाला. माझं मानूस परत आनतील ते हेच, म्हनून."

मालक म्हणाले, "वयनी, दारात तुमी ताट घिऊन उभ्या व्हता."

"मग? ताट खाली ठिवलं असतं मी. ठिवलंच की."

पाहुण्यांपैकी एक म्हातारा उठून अंगणात जाऊन उभा राहिला. मुलाचा बाप पदकाकडे बघत होता, त्याला ते हातात घ्यावं की नाही कळेना. मुलगी चुलीपुढून उठली आणि आईजवळ गेली तर जावेने तिला कोपराने मागे सारलं, हाताला पीठ होतं म्हणून. मग जाऊ मागच्या दारी रांजणापाशी गेली. पाण्याचा तांब्या बुडवल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा कपाळ ओलं होतं आणि मोकळं होतं. केसांच्या कडेला थोडं लाल राहिलं होतं. कुणी तिला काही करायला सांगितलं नव्हतं, आणि ज्या बायकांनी हे करायचं असतं त्यांना बोलवायची तिने वेळच येऊ दिली नाही.

ती माझ्याशेजारून आत जाताना थांबली. "तुला ठावं व्हतं?"

"अंदाज व्हता," मी म्हणाले.

"कवापासनं?"

"दुसऱ्या वर्सापासनं."

"म्हंजी अकरा वर्सं तू माझ्या कपाळाकडं बघत व्हतीस." एवढं बोलून ती परातीपुढे बसली आणि पीठ मळायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "पावन्यांना इचार, कालवन तिकाट चालंल का."

मुलाच्या बापाने तिथेच सुपारी फोडली. मला वाटलं होतं तो उठून जाईल. तो म्हणाला, "खरं कळलं, आता आमाला काय अडचन न्हाय. बिनबापाची लेक हाय, आमी सांभाळू." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हळदीला तुमी उभ्या ऱ्हावा, वयनी." नावांची भानगड सरकारात गेली तर काय, असं त्याच्या भावकीतल्या एकाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सरकारनं राजाचं डोकं दिलंय ते बास झालं. हितलं हितंच ऱ्हाऊ द्या." आणि ते तिथेच राहिलं.

पाहुणे जेवून गेले. मालकांचं पान मी वाढलं. जाऊ त्यांच्यासमोर आली नाही. ते जेवले, नेहमीपेक्षा कमी नाही आणि जास्त नाही, आणि दिवस असेपर्यंत गोठ्यात बसून राहिले. मी त्यांना काही बोलले नाही. बोलायचं ते मी सकाळीच बोलून चुकले होते, आणि त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं मला त्या दिवशी वाटत होतं. आजही पुष्कळदा वाटतं. खरं बोलून त्यांचं ओझं उतरलं असेल. ते जाऊन पडलं ते दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि माझी जाऊ सवाष्ण म्हणून आणखी दोन महिने जगली असती तर लेकीच्या अंगाला हळद तरी लावून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर ती एकटीच दळायला बसली. रोज आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. मी खुंट्याला हात लावायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मला जमतंय." ओवी नव्हती, नुसती घरघर. मी तिथून उठले.

लग्नाला कासार घरी येतो, घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्या सवाष्णींना हिरवा चुडा भरतो. आमचा कासार बारामतीचा, आम्हा दोघींच्या हातांची मापं त्याला पाठ. तो आला असता आणि सवयीने पहिला हात थोरलीचा धरला असता, मांडवभर बायकांसमोर. म्हणून मी शेणपाण्याचं काम मुलीवर सोपवलं, डोक्यावर पदर घेतला आणि कालव्याच्या कडेने चालत बारामतीला गेले. कासार नुकतं दुकान उघडत होता. मी उभ्या उभ्याच लग्नाचं सांगितलं.

तो म्हणाला, "बरं झालं, पोरीचं जमलं. मग घरातल्या दोगी, भावकीतल्या..."

"घरातली एकच," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं. "मोठ्या वयनी?"

"एक म्हटलं ना. माझं माप तुमाला ठावं हाय."

त्याने सुतळीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा खाली घेतल्या आणि माझ्या मापाच्या बाजूला काढायला लागला. एकीच्याच आहेत ना, ते मी मोजून बघितलं आणि परत निघाले.